विद्वत्तेची मोजदाद

२०२५ च्या फेब्रुवारींत विद्यापीठ अनुदान आयोगानें संशोधनपर नियतकालिकांची आपली मान्य यादी बंद केल्याचें जाहीर केलें, तेव्हांपासून आमच्या व्यवसायबंधूंत एकच हाकाटी ऐकूं येते: आतां अस्सल कोणतें आणि नकली कोणतें, हें ओळखावयाचें कसें? भाजी आणावयास गेलेली गृहिणी वांगें हातांत घेऊन पाहते. तिला सरकारी यादी लागत नाहीं. निबंध उघडून पाहावा, ही गोष्ट मात्र आचार्यपदवी मिरविणाऱ्यांस सुचूं नये!

या रोगाचें मूळ २०१० सालच्या गुणांकपद्धतींत आहे. निबंधास इतके गुण, ग्रंथास इतके गुण, आणि त्यांच्या बेरजेवर नेमणूक व बढती. गिऱ्हाईक उभें राहिलें कीं दुकान निघतेंच. पैसे घेऊन आठवड्याभरांत निबंध छापून देणारीं ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिकें गल्लोगल्लीं निघालीं. २०१३ सालीं ‘सायन्स’ या अमेरिकन साप्ताहिकाच्या वार्ताहरानें, ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला एक बनावट निबंध जगांतील ३०४ नियतकालिकांकडे धाडला. भारतांतील ६४ जणांनीं तो पत्करला. नाकारला अवघ्या १५ जणांनीं.

आयोगानें मग २०१७ सालीं यादी केली. परंतु तींत नांवें सुचविण्याची मुभा विद्यापीठांसहि दिली, आणि कुंपणानेंच शेत खाल्लें. २०१८ सालीं पुण्याचे भूषण पटवर्धन व त्यांचे सहकारी यांनीं विद्यापीठांच्या शिफारशीनें आलेलीं हजारभर नियतकालिकें तपासलीं, तों शेंकडा ८८ कमअस्सल निघालीं. त्याच वर्षीं आयोगानें ४,३०५ नांवें गाळलीं व पुढें पुण्याच्याच विद्यापीठाच्या साहाय्यानें ‘केअर’ ही नवी यादी रचली. लागलीच यादींतील प्रतिष्ठित नियतकालिकांचीं नांवें धारण करणारे तोतये अवतरले. सदाशिवरावभाऊंच्या तोतयास निदान चेहरा तरी जुळवावा लागला होता. यांस नांव पुरलें.

प्रस्तुत लेखक या पापांतून मुक्त नाहीं. एका निवड-समितींत अठरा निबंधांचा गठ्ठा आमच्यापुढें आला. आम्हीं एकहि उघडला नाहीं. गुणांची बेरीज केली, चहा घेतला आणि सह्या केल्या. त्याच दिवशीं दोनच निबंध असलेला एक तरुण परत गेला. त्यांतला एक मीं पुढें कुतूहलानें वाचला. तो त्या समितींतील कोणासहि लिहितां आला नसता.

‘मग बड्या परदेशी नियतकालिकांतच छापा’, असें कित्येक सुचवितात. लंडनच्या ‘लॅन्सेट’हून बडें कोणतें? १९९८ सालीं त्यानें अवघ्या १२ मुलांच्या पाहणीवरून गोंवराच्या संयुक्त लसीचा संबंध आत्ममग्नतेच्या विकाराशीं सुचविणारा निबंध छापला. तो पुरता मागें घेतला २०१० सालीं! मधल्या काळांत इंग्लंडांत मुलांस ती लस टोंचण्याचें प्रमाण घसरलें. छापील शब्दावर विसंबलेल्या आईबापांस दोष कोण देईल? दोष चूक कबूल करण्यास बारा वर्षें लावणाऱ्यांचा.

आमची मागणी साधी आहे. उमेदवारानें आपले उत्तम तीन निबंध द्यावे. समितीनें ते वाचून आपलें मत सहीनिशीं लिहावें व तें उमेदवारास दाखवावें. नियतकालिकांनीं परीक्षकांचीं मतें निबंधासोबत प्रसिद्ध करावीं. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ तीं परीक्षकांच्या नांवांसह प्रसिद्ध करतें आणि त्याचें कांहीं अडलेलें नाहीं. मागें घेतलेल्या निबंधाची सूचना, मूळ निबंध जितक्या ठळकपणें छापला तितक्याच ठळकपणें यावी.

यास वेळ लागेल, अशी तक्रार येईलच. लागूं द्या. दिवसाकांठीं तीस मुलाखती उरकणाऱ्या समितीच्या हातून मग पांचच होतील, आणि उरलेल्या पंचवीस जणांस दुसऱ्या दिवशीं बोलवावें लागेल.