वसईच्या किल्ल्यातलं चर्च परक्यांचं नाही, आपलंच आहे

मांजरीकर मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा, मग बोला.

मे महिना आला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर वसईच्या किल्ल्याचे फोटो फिरायला लागतात. चिमाजी अप्पांचा विजय आठवायलाच हवा, त्यात वादच नाही. वाद आहे तो फोटोखाली येणाऱ्या ओळींशी. "किल्ला जिंकला ना, मग आत चर्च कशाला?" "गुलामीच्या खुणा पुसून टाका." खाली धडाधड अंगठे पडतात आणि विषय संपतो.

पण ते चर्च कुणाच्या नावाने ओळखलं जातं, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

किल्ल्यात बऱ्याच चर्चचे अवशेष आहेत. त्यातल्या जेझुइटांच्या जुन्या चर्चला आज लोक संत गोन्सालो गार्सियाचं चर्च म्हणून ओळखतात. त्याच्या सणाला भाविक तिथं मिस्सासाठी जमतात. हा गोन्सालो जन्मला वसईतच, १५५६-५७ च्या सुमारास. बाप पोर्तुगीज, आई इथली. तरुणपणी जेझुइटांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला. त्याला त्यांच्या संघात यायचं होतं, पण घेतलं नाही. आई इथली म्हणून नाकारलं, असं त्याच्या चरित्रांत सांगितलं जातं. मग त्याने व्यापार केला, मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर झाला आणि १५९३ मध्ये दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेला. तिथला सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने ख्रिस्ती लोकांची धरपकड केली. ऐन थंडीत क्योटोपासून नागासाकीपर्यंत चालवत नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला २६ जणांना क्रुसावर चढवून मारलं. गोन्सालो त्यांच्यातला एक. वय चाळीसच्या आसपास. १८६२ मध्ये पोपने या २६ जणांना संत जाहीर केलं. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत तो हाच, आपल्या वसईचा.

म्हणजे बघा, त्या काळच्या गोऱ्या पाद्र्यांना तो पुरेसा आपला वाटला नाही, कारण आई इथली. आणि आज आपल्याला तो आपला वाटत नाही, कारण धर्म वेगळा. माणसाने जावं तरी कुठं?

आता "पोर्तुगीजांनी काय केलं ते विसरलात का?" असं विचारणाऱ्यांसाठी. नाही विसरलो. त्यांनी देवळं पाडली, हिंदूंचे सण-संस्कार बंद केले, गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन चालवलं. साष्टी-वसईच्या रयतेच्या तक्रारी पुण्यापर्यंत पोचल्या, हे मोहिमेचं एक मोठं कारण. हजारो मराठे तिथं कामी आले. हे सगळं सांगायलाच हवं आणि किल्ल्यातच सांगायला हवं.

पण चिमाजी अप्पांनी पुढे काय केलं? मे १७३९ मध्ये तह झाला. शहरात राहू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळायची मोकळीक त्या तहात होती. लढाई पोर्तुगीज सत्तेशी होती, तिथल्या रयतेशी नव्हती. एवढी साधी गोष्ट रक्त सांडून आलेल्या सेनापतीला कळत होती. मोबाईलवर अंगठा फिरवणाऱ्या आपल्याला कळू नये?

पुरावा लांब शोधायला नको. भीमाशंकरला आपण सगळे जातो. तिथली मोठी घंटा नीट बघा. ती घंटा वसईच्या मोहिमेतून आली. चर्चची घंटा ज्योतिर्लिंगापुढे टांगली, वितळवली नाही. आणि आपल्या पुण्यात क्वार्टर गेटचं सिटी चर्च? १७९२ मध्ये ती जागा पेशवाईनेच दिली, सवाई माधवरावांच्या काळात, फौजेतल्या ख्रिस्ती सैनिकांसाठी. पेशव्यांनी पुण्यात चर्चला जागा दिली आणि आपण पेशव्यांचं नाव घेऊन वसईतलं चर्च पुसायला निघालोय. हा कुठला पेशव्यांचा अभिमान?

वसईचे ख्रिस्ती तरी कोण आहेत? शेतकरी, बागायतदार, कोळी. घरात कादोडी बोलतात, ती आपल्या मराठीचीच बोली. चर्चमध्ये प्रार्थना मराठीत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले. 'सुबोध बायबल' त्यांचं, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी बिल्डर लॉबीच्या विरोधात उभे राहिले ते हेच. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तर "पाद्री कसा चालतो?" म्हणून ओरड झाली. आयुष्यभर मराठीत लिहिलेल्या माणसालाही झग्यावरूनच ओळखायचं असेल, तर "मराठी भाषेचा अभिमान" हे शब्द आपण वापरू नयेत.

जरा नागासाकीकडे बघा. जपानमध्ये ख्रिस्ती लोक जेमतेम टक्काभर. त्या २६ जणांना मारलं तेही जपानच्याच सत्ताधीशाने. तरी त्याच टेकडीवर १९६२ मध्ये २६ ब्राँझच्या मूर्तींचं स्मारक आणि शेजारी संग्रहालय उभं राहिलं. त्या रांगेत आपला वसईकर उभा आहे. त्याच २६ मधल्या फेलिपेला मेक्सिको आपल्या देशाचा पहिला संत म्हणून मिरवतो. आणि महाराष्ट्रात? चौकात उभं राहून दहा जणांना गोन्सालोचं नाव विचारा, काय उत्तर येतं ते बघा. मांजरीचं नाव लसीमुळे जगभर गेलं तेव्हा आपली छाती फुगली होती. वसईचं नाव सव्वाचारशे वर्षांपूर्वी जपानला पोचवणाऱ्या माणसाबद्दल मात्र आपण गप्प.

मी काय मागतोय? चर्चमध्ये जाऊन गुडघे टेका, असं म्हणत नाही. तीनच गोष्टी. एक, आपल्या गडकिल्ले ग्रुपची सहल वसईला गेली तर चिमाजी अप्पांच्या पुतळ्याला मुजरा करा आणि गोन्सालोच्या चर्चमध्येही पाच मिनिटं शांत उभे राहा. पोरांना दोन्ही गोष्टी सांगा. दोन, किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. भिंतींवर नावं कोरणारा, आत बाटल्या फोडणारा आपला असला तरी त्याला अडवा. तीन, "खुणा पुसा"वाला मेसेज पुढे ढकलण्याआधी त्याला उत्तर द्या. गप्प बसलो की तो आपलाच मेसेज होतो.

किल्ला जिंकला याचा अर्थ किल्ल्यातलं सगळं आपलं झालं. मग त्यातलं चर्च आपलं नाही, असं म्हणून आपणच जिंकलेलं का सोडून देतोय?

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली लिहा, उत्तर देईन. फक्त मुद्द्यावर बोला, कुणाच्या देवावर नाही.