विद्यादानाचा संसार

पनवेलच्या पश्चिमेस, उरणच्या पलीकडे, खाडीच्या मुखाशी करंजा हे गाव वसले आहे. समोर रेवस आणि पाठीशी द्रोणागिरीचा डोंगर. लक्ष्मणासाठी संजीवनी घेऊन निघालेल्या मारुतीच्या हातून पर्वताचा एक तुकडा येथे गळून पडला, अशी या डोंगराची आख्यायिका. मुंबई बंदरातून बाहेर पडणाऱ्या जहाजांना डावीकडे हा डोंगर दिसतो. मायदेशाचा किनारा सोडणाऱ्या कितीतरी प्रवाशांच्या नजरेस त्याची ही निळसर आकृती पडली असेल.

1 सप्टेंबर 1938 रोजी ‘राजपुताना’ नावाचे जहाज मुंबईहून निघाले. त्यात पाच डॉक्टर होते. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला वैद्यकीय साहाय्य करण्यासाठी राष्ट्रीय सभेने त्यांना पाठविले होते. सभेचे त्या वर्षीचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या आवाहनानंतर या कार्यासाठी लोकांकडून सुमारे 22,000 रुपये गोळा झाले होते. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल होते. नागपूरचे वयोवृद्ध डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी त्यांच्याबरोबर होते. पाचवे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. ते सोलापूरचे. वय अठ्ठावीसही पूर्ण नव्हते. मुंबईच्या शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून, म्हणजे एका व्यापारी घराण्याच्या दानातून उभ्या राहिलेल्या संस्थेतून, त्यांनी पदवी घेतली होती.

डॉक्टर कोटणीसांची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. 1946 साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला आणि नायकाची भूमिका स्वतः केली. परंतु शौर्याच्या या कथेत एक साधी गोष्ट झाकली गेली. कोटणीस चीनमध्ये केवळ शल्यचिकित्सक नव्हते, ते शिक्षक होते. आणि ज्या स्त्रीशी त्यांनी विवाह केला, तीही शिक्षिकाच होती.

पथक कँटनला उतरले आणि हांकौ, चुंगकिंग या मार्गाने फेब्रुवारी 1939 मध्ये येनानला पोहोचले. घर सुटल्यानंतर वडिलांच्या निधनाची वार्ता आली. परत फिरण्यास एवढे कारण पुरेसे होते. कोणी दोषही दिला नसता. कोटणीसांनी मात्र हाती घेतलेले काम पुरे करण्याचा निश्चय केला. पुढे एकेक करून चौघे सहकारी मायदेशी परतले. कोटणीस तेथेच राहिले.

उत्तर चीनच्या डोंगराळ आघाडीवर नॉर्मन बेथून हे कॅनडाचे शल्यचिकित्सक काम करीत होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष भिनून नोव्हेंबर 1939 मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाने तेथे रुग्णालय आणि वैद्यकीय शाळा चालत असे. 1940 च्या जूनमध्ये बेथून यांच्या समाधीच्या उद्घाटनप्रसंगी कोटणीसांची गुओ चिंगलान यांच्याशी गाठ पडली. चिंगलान शान्सी प्रांताच्या. पेकिंगच्या नामांकित वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी परिचर्येचे शिक्षण घेतले होते आणि बेथून शाळेत त्या परिचारिकांना शिकवीत होत्या. जानेवारी 1941 मध्ये कोटणीस बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे पहिले संचालक झाले. 25 नोव्हेंबर 1941 रोजी दोघांचा विवाह झाला.

या संसाराला स्थिर घर असे लाभलेच नाही. होपे प्रांतातील तांग परगण्यात, गेगुंग या खेड्यात शाळा भरे. विद्यार्थी म्हणजे सैन्यातून आणि खेड्यापाड्यांतून आलेले तरुण. जपानी फौजांची मोहीम सुरू झाली की रुग्णालय आणि शाळा दोन्ही उचलून डोंगरात न्यावी लागत. जे त्यांचे प्रवास, ते हे. थोडी स्थिरता आली की वर्ग पुन्हा सुरू होई. मुख्य अन्न राळ्याचे. सोलापूरकडच्या माणसाला राळे परके नव्हते. परके होते ते बाकीचे सारे, विशेषतः भाषा.

आणि शिक्षकाची पहिली कसोटी येथेच लागते. दुभाष्यामार्फत शस्त्रक्रिया करता येते, पण दुभाष्यामार्फत मन लावून शिकविता येत नाही. कोटणीसांनी चिनी भाषा बोलण्यापुरतीच नव्हे, तर वाचण्या-लिहिण्याइतकी आत्मसात केली आणि चिनी भाषेतच ते व्याख्याने देऊ लागले. पथकातील पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावाच्या शेवटी ‘हुआ’, म्हणजे चीन, हा शब्द जोडला होता. कोटणीस तेथे ‘के दिहुआ’ झाले. हाताशी पाठ्यपुस्तके नव्हती, म्हणून त्यांनी ती लिहावयास घेतली. सामान्य शल्यशास्त्रावरचे एक पुस्तक पूर्ण केले आणि दुसरे हाती घेतले. रुग्णालयातील उपचार एका रुग्णापुरता असतो. पुस्तकातील पाठ पुढच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातून रुग्णापर्यंत पोहोचतो. औषधदान आणि ज्ञानदान ही दोन दाने आपल्या परंपरेत शेजारी शेजारी सांगितली आहेत. या दांपत्याच्या घरी ती एका छपराखाली नांदत होती.

23 ऑगस्ट 1942 रोजी त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव ‘यिनहुआ’ ठेवले. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. हे नाव सेनापती न्ये रुंगजन यांनी सुचविले होते.

परंतु अतिश्रम आणि अपुरे अन्न यांनी कोटणीसांची प्रकृती पोखरली होती. त्यांना अपस्माराचे झटके येत. विश्रांतीचा सल्ला मिळत होता, पण वर्ग आणि रुग्ण दोन्ही वाट पाहत असत. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. विवाहाला एक वर्ष आणि दोन आठवडे झाले होते. बाळ साडेतीन महिन्यांचे होते. दुसरे पुस्तक अपुरे राहिले.

चिंगलान यांच्या वाट्याला पुढे दीर्घ आयुष्य आले, पण सुख सरळ आले नाही. यिनहुआही वैद्यकाचा विद्यार्थी झाला आणि 1967 मध्ये, ऐन तारुण्यात, निवर्तला. पती गेला, पुत्र गेला. तरी सोलापूरच्या घराशी जडलेले नाते त्यांनी तुटू दिले नाही. त्या अनेकदा भारतात आल्या आणि कोटणीस कुटुंबाने त्यांना सूनच मानले. 2012 साली, नव्वदी ओलांडल्यावर, दालियन येथे त्यांचे निधन झाले. सोलापुरात कोटणीसांच्या घरी आज स्मारक आहे. चीनमधील शिजियाझुआंग येथे त्यांची समाधी आहे.

आज हाँगकाँग, बँकॉक, सिंगापूर येथे आपल्या समाजाची कुटुंबे व्यापारानिमित्त स्थिरावली आहेत. जपानच्या कोबे शहरात तर जिनमंदिरही उभे आहे. मुले-सुना शिक्षण आणि नोकरीसाठी आशियाच्या कानाकोपऱ्यांत जातात. त्यांचा दूरध्वनी आला की घरचे वडीलधारे विचारतात, जेवणाचे कसे आहे, भाडे किती, शिल्लक किती पडते. हे प्रश्न मायेचेच आहेत आणि विचारावेच. पण त्यांच्या जोडीला आणखी दोन प्रश्न असावेत. तेथील भाषा किती आली? आणि तेथे कोणाला काय शिकविलेस?

कोटणीस दांपत्याच्या संसाराची मालमत्ता मोजावयाची तर हाती काहीच लागत नाही. घर नाही, ठेव नाही, सहवासही जेमतेम वर्षाचा. तरीही गेगुंगच्या त्या शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या हातांनी किती माणसे वाचविली, याचा हिशेब कोणत्याही वहीत मावणार नाही.

करंजाच्या धक्क्यावरून आजही जहाजे दिसतात. द्रोणागिरीवर संजीवनी उरली आहे की नाही, कोणास ठाऊक. 1938 च्या त्या दिवशी ती जहाजातून गेली, एवढे मात्र खरे.