सोळा कार्बन पाठ, पण खोबरेल का गोठते?

थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठते, शेजारचे तिळाचे तेल मात्र वाहते राहते. असे का, हे ‘नीट’ची तयारी करणाऱ्या मुलांना विचारले तर अनेकजण गोंधळतात. पामिटिक आम्लात कार्बन किती, असे विचारले तर मात्र ‘सोळा’ हे उत्तर लगेच येते.

वास्तविक दोन्ही प्रश्न एकाच धड्यातले आहेत. मेदाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन साखळ्या. साखळीत दुहेरी बंध नसेल तर ती संपृक्त आणि सरळ असते. अशा साखळ्या रचलेल्या सरपणासारख्या एकमेकींना चिकटून बसतात आणि मेद घट्ट होतो. नैसर्गिक तेलांतील दुहेरी बंधामुळे साखळीला बाक येतो, रचना सैल राहते आणि तेल पातळ राहते. खोबरेल झाडाचेच, पण त्यातील बहुतांश मेदाम्ले संपृक्त असतात; म्हणून ते साधारण २४ अंशांखाली गोठते.

एका बाकाने किती फरक पडावा? स्टिअरिक आणि ओलिक ही दोन्ही आम्ले अठरा कार्बनची. पहिले सुमारे ६९ अंशांना वितळते, दुसरे सुमारे १३ अंशांना. ओलिकमधील दुहेरी बंध ‘सिस’चा ‘ट्रान्स’ झाला, तर रेणुसूत्र तेच राहते. पण साखळी जवळजवळ सरळ होते आणि वितळणबिंदू ४५ अंशांच्या आसपास जातो. वनस्पती तुपासाठी तेलाचे अर्धवट हायड्रोजनीकरण करताना हेच घडते. ट्रान्स मेदामुळे वाईट कोलेस्टेरॉल वाढते, चांगले घटते आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणूनच भारतात १ जानेवारी २०२२ पासून खाद्यतेले आणि मेदांतील औद्योगिक ट्रान्स मेदाची मर्यादा २ टक्क्यांवर आणली गेली.

परीक्षेने आकडा नव्हे, कारण विचारायला हवे. चार मेदाम्ले देऊन वितळणबिंदूंचा क्रम लावायला सांगणे बहुपर्यायी प्रश्नातही जमते. शिकवणीत खोबरेलाची एक बाटली फ्रीजमधून काढून दाखवायला तर खर्चही नाही.

उद्या हीच मुले ओपीडीत बसतील. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला रुग्ण विचारेल, ‘डॉक्टरसाहेब, पाकिटावर कोलेस्टेरॉल नाही असं लिहिलंय, मग चालेल ना?’ वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल मुळातच नगण्य असते. पाहायचे ते संपृक्त आणि ट्रान्स मेद. हे त्याला समजावून सांगताना ‘सोळा’ हा आकडा कामाला येणार नाही.