दिसणारा कंप, न दिसणारी भोवळ

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी आणि सास्तूर या दोन नावांना देशभर पोहोचवले. सुमारे दहा हजार माणसे दगामातीच्या घरांखाली गाडली गेली. त्या दिवशी ढिगारे उपसायला जे हात पुढे आले, त्यांतील बहुतेक तिशी-पस्तिशीतल्या तरुणांचे होते. लोहारा तालुक्यातील ती पिढी आता साठी ओलांडून सत्तरीकडे चालली आहे. कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, हा आजार सामान्यतः याच वयात माणसाला गाठतो. पुनर्वसनानंतर वसलेल्या या गावांमध्ये आज कोणा वृद्धाचा हात पेला धरताना थरथरू लागला, तर ते घरच्यांच्या ध्यानी येते. सून पेला अर्धाच भरते, मुलगा सदऱ्याच्या गुंड्या लावून देतो. कंप दिसतो, म्हणून त्याची दखल घेतली जाते. मात्र याच आजाराचा दुसरा अर्धा भाग दिसत नाही आणि घरात त्याविषयी बोललेही जात नाही.

शरीराची काही कामे माणसाच्या इच्छेवर सोडलेली नाहीत. बसल्याचे उठून उभे राहताच रक्त पायांकडे ओढले जाते. त्याच क्षणी रक्तवाहिन्या आकसाव्यात आणि मेंदूला रक्त कमी पडू नये, याची व्यवस्था स्वायत्त मज्जासंस्था परस्पर करते. आतडी हलवणे, मूत्राशय आवरणे, घाम आणणे ही कामेही तिचीच. पार्किन्सन्समध्ये हातापायांच्या हालचालींइतकीच ही यंत्रणाही पोखरली जाते. तसे पाहिले तर ही गोष्ट नवी नाही. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी ज्या निबंधात या आजाराचे वर्णन केले, तो अवघ्या सहा रुग्णांवर आधारलेला होता आणि त्यांतील काही तर त्यांनी केवळ रस्त्यात पाहिले होते. तरीही बद्धकोष्ठ आणि तोंडातून गळणारी लाळ यांची नोंद त्यात आहे. पुढे १९१२ मध्ये फ्रीडरिश लेवी यांना या रुग्णांच्या मेंदूत विशिष्ट गोळे आढळले. हृदय आणि आतडी यांच्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या केंद्रात ते होते. हालचालींशी निगडित असलेल्या काळ्या भागात ते सापडले त्यानंतर सात वर्षांनी, १९१९ मध्ये. विज्ञानाने आतली पडझड आधी पाहिली असताना समाजाने मात्र या आजाराला नाव दिले ते कंपाचे.

त्याचा परिणाम दवाखान्यात दिसतो. गावाकडच्या दवाखान्यात रक्तदाब मोजायचा तो रुग्णाला स्टुलावर बसवून. पार्किन्सन्सच्या अनेक रुग्णांचा दाब झोपलेल्या अवस्थेत वाढलेला, बसल्यावर बरा आणि उभे राहताच कोसळलेला असतो. आडवे असताना मोजलेल्या आकड्यापेक्षा उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर वैद्यकशास्त्र तो दोष मानते. या आजाराच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांत तो आढळतो. बसून घेतलेला आकडा थोडा चढा दिसला की रक्तदाबाची गोळी सुरू होते. साठीनंतर प्रोस्टेटसाठी दिली जाणारी काही औषधे दाब आणखी उतरवतात. कंपासाठीची लेव्होडोपाची गोळीही तेच करते. मग पहाटे लघवीसाठी उठलेला माणूस न्हाणीघराच्या दारात कोसळतो आणि खुब्याचे हाड मोडते. घरात सांगितले जाते, "पाय घसरला." पुष्कळदा पाय घसरलेला नसतो, क्षणभर मेंदूचे रक्त आटलेले असते. खुब्याची शस्त्रक्रिया होते, पण पडण्याचे कारण शोधायचे राहून जाते. म्हातारा पुन्हा पडतो.

दुसरा भाग संकोचाचा आहे. ज्येष्ठांची सेवा हा आपल्या कुटुंबपद्धतीचा अभिमानाचा विषय, आणि तो अभिमान अनाठायी नाही. तथापि, रात्रीतून चार वेळा उठावे लागते, आठ-आठ दिवस पोट साफ होत नाही, कधी धोतर ओले होते, हे सासऱ्याने सुनेला सांगायचे कसे? ते तो सांगत नाही. उलट रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणी पिणे सोडतो. एकादशीला तर दिवसभरच. मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यांत, ज्याची घामाची व्यवस्थाही बिघडली आहे अशा देहात पाणी कमी पडले की दाब आणखी उतरतो, शौच आणखी कोरडे होते. पोट मंदावले की लेव्होडोपाची गोळी वेळेवर आतड्यात पोहोचत नाही आणि कंप वाढल्यासारखा वाटतो. मग गोळी वाढवली जाते. संकोचातून सुरू झालेले हे चक्र औषधाने तुटत नाही. बायकांचे दुःख तर याहूनही मुके. अनेकींनी उघड्यावर जावे लागण्याच्या काळात पाणी कमी पिण्याची सवय आयुष्यभर अंगी बाणवलेली असते आणि घरात शौचालय आले तरी ती सुटत नाही.

पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या गटांत रुग्ण आणि त्यांचे आप्त एकत्र जमतात, तेव्हा एकाने तोंड उघडले की दुसऱ्याचा संकोच सुटतो. सास्तूरसारख्या गावात असा गट नाही. तेथे हे काम आरोग्यसेविकेला, आशाताईला किंवा घरातल्या जाणत्या माणसाला करावे लागेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पार्किन्सन्सला २१ दिव्यांगत्वांच्या यादीत स्थान दिले, ते योग्यच झाले. परंतु ज्याचा हात फारसा कापत नाही, पण जो उभाच राहू शकत नाही, अशा माणसाचे अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही, हे लक्षात ठेवावे लागते.

घरी करता येण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. उशाकडच्या बाजूने पलंगाच्या पायांखाली विटा ठेवून तो वीतभर उंच करावा, म्हणजे रात्रीचा वाढलेला दाब आणि सकाळची भोवळ दोन्ही कमी होतात. झोपेतून उठताना आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसावे, पोटऱ्या आवळाव्यात, मग उभे राहावे. उठण्यापूर्वी एका दमात दोन पेले पाणी प्यायले तर काही काळ दाब सावरतो. एकदम भरपेट जेवणाऐवजी थोडे थोडे खावे, कारण जेवणानंतरही दाब उतरतो. लेव्होडोपाची गोळी वरण, दूध, ताक यांच्याबरोबर न घेता जेवणाआधी अर्धा तास घ्यावी, प्रथिने तिच्या वाटेत येतात. मीठ वाढवायचे की नाही, हे मात्र हृदय आणि मूत्रपिंड पाहून डॉक्टरांनीच ठरवावे. उलटी थांबवण्यासाठी सर्रास दिले जाणारे मेटोक्लोप्रमाइड या रुग्णांना देऊ नये, त्याने मूळ आजार बळावतो. इंजेक्शन टोचून घेण्यापूर्वी "यांना पार्किन्सन्स आहे" एवढे तरी घरच्यांनी सांगावेच.

येथे खाजकुहिलीविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. आयुर्वेदात कंपवातावर तिचा उपयोग सांगितला आहे आणि १९३७ मध्ये मद्रासच्या दोघा संशोधकांनी तिच्या बियांतून लेव्होडोपाच वेगळे काढले. याचा अभिमान जरूर वाटावा. मात्र त्याचा अर्थच असा की ते चूर्ण आणि डॉक्टरांची गोळी हे एकच औषध दोनदा घेतल्यासारखे आहे. बागेतले म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही, त्यानेही दाब उतरतो. वैद्य आणि डॉक्टर, दोघांनाही दोन्ही औषधे ठाऊक असली पाहिजेत.

भूकंपानंतर सास्तूरला स्पर्श ग्रामीण रुग्णालय उभे राहिले. मज्जाविकारतज्ज्ञासाठी आजही लातूर किंवा सोलापूरची वाट धरावी लागते आणि ती लवकर बदलेल असे नाही. पण उभ्या माणसाचा रक्तदाब मोजायला तज्ज्ञ लागत नाही. यंत्र प्रत्येक उपकेंद्रात आहे, गावोगावी आरोग्य शिबिरे भरवणाऱ्या मंडळांकडेही आहे. कमी आहे ती आठ-नऊ मिनिटांची उसंत. पाच मिनिटे आडवे ठेवून एकदा, उभे केल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा, असे तीन आकडे. उभे असताना जवळ एका माणसाने धरायला हवे. शिबिराच्या मांडवात खुर्च्या-टेबले असतातच, त्यांच्या जोडीला साठीवरच्यांसाठी एक खाट मांडावी. खाट नसेल तर शाळेचे दोन बाक जोडूनही काम भागते.