गायरानाचा हिशेब कोण देणार?

गायरान ही सरकारची खासगी मिळकत नव्हे. गावच्या गुरांसाठी आणि सामाईक गरजांसाठी राखलेली ती जमीन असून शासन तिचे केवळ विश्वस्त आहे. परंतु या विश्वस्ताला हिशेब विचारण्याची सोय महसूल खात्याने कधी ठेवलीच नाही. हिशेब मागितला जातो तो भूमिहीनाकडे, आणि बीड जिल्ह्यात हा उलटा न्याय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

निजामी राजवट 1948 मध्ये संपली, तरी जमीन जिथे होती तिथेच राहिली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी 1959 मध्ये आणि पुन्हा 1964-65 मध्ये सत्याग्रह केले, तुरुंग भरले. अशा लढ्यांच्या रेट्याखाली 28 नोव्हेंबर 1991 चा शासननिर्णय निघाला व दलित, आदिवासी आणि अन्य भूमिहीनांची 14 एप्रिल 1990 पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे वचन मिळाले. ते वचन पाळले जावे म्हणून तेलगावच्या एकनाथ आव्हाडांनी मानवी हक्क अभियानाच्या झेंड्याखाली हयात वेचली.

वचन अडले ते पुराव्यापाशी. अतिक्रमणाची नोंद गाव नमुना 1-इ मध्ये तलाठ्याने करावयाची, पीकपाहणीही त्यानेच करावयाची, आणि ती नोंद नाही म्हणून अर्ज फेटाळावयाचा तो त्याच्याच वरिष्ठांनी! म्हणूनच मराठवाड्यातील गायरानधारक दंडाची जुनी पावती पत्र्याच्या पेटीत जपून ठेवतो. ज्या कागदाने त्याला गुन्हेगार ठरविले, तोच त्याच्या ताब्याचा एकमेव साक्षीदार! नोंद न करणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र कोणी जाब विचारीत नाही. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन साखरपट्ट्याकडे गेलेले कुटुंब उन्हाळ्याच्या तोंडाला परतते. त्या काळात पंचनामा झाला, तर जमीन कसणारा जागेवर नाही एवढेच कागदावर उरते.

जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. त्याच निकालात, सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना अथवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टे दिले असतील तेथे नियमितीकरणाचा अपवादही ठेवला होता. नोकरशाहीला आदेश तेवढा स्मरला. अपवादाचा विसर पडला. ऑक्टोबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कारवाईस मुदत घालताच राज्यभर नोटिसांचा पाऊस पडला. दोन लाखांवर अतिक्रमणे शासनानेच मान्य केली होती. ती होत असताना कोणता तहसीलदार काय करीत होता, याची यादी मात्र कोणी मागितली नाही.

आणि वरच्या पायरीवर काय चालते? वाशीम जिल्ह्यातील घोडबाभूळ येथील 37 एकर गायरान एका खासगी व्यक्तीच्या नावे नियमित करण्याचा आदेश तत्कालीन महसूल राज्यमंत्र्यांनी 2022 मध्ये दिला. त्यावर नागपूर खंडपीठाला ताशेरे ओढावे लागले. 12 जुलै 2011 च्या शासननिर्णयाने भूमिहीनांना गायरान देण्याची वाट बंद केली, पण सार्वजनिक प्रयोजनाची खिडकी उघडी ठेवली. 2023 च्या सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारी जमिनी नाममात्र भाड्याने प्रकल्पांना देण्याचे ठरले. सौर विजेला विरोध असण्याचे कारण नाही. ती शेतकऱ्याच्या पंपासाठीच आहे. पण कंपनीला एका शासननिर्णयाने जमीन मिळते आणि ती कसणाऱ्याचा अर्ज तीस वर्षे कचेरीत धूळ खातो, याला समान न्याय म्हणता येईल काय?

तेव्हा कार्यकर्त्यांनी मोर्चाच्या निवेदनात केवळ ‘गायरान नावे करा’ एवढीच मागणी लिहून थांबू नये. प्रत्येक ग्रामसभेत नमुना 1-इ चे जाहीर वाचन झाले पाहिजे. ऊसतोडीच्या हंगामात पंचनामे होता कामा नयेत. फेटाळलेल्या प्रत्येक अर्जाचे कारण लेखी, अधिकाऱ्याच्या नावासह मिळाले पाहिजे. गावच्या पुढाऱ्याने गायरानात बांधलेले गोदाम नोंदवहीत नसेल, तर कलम 50 ची पहिली नोटीस कोणाला लागू झाली, हेही त्याच सभेत विचारले पाहिजे.