विश्लेषण : माळढोकचे माळरान आणि उजनीचे फ्लेमिंगो, सोलापूरच्या निसर्ग पर्यटनाचे भवितव्य काय?

फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई-सोलापूर वंदे भारत एक्स्प्रेस सुरू झाली. जून २०२५ मध्ये सोलापूर-गोवा आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सोलापूर-मुंबई विमानसेवा सुरू झाली. सोलापूरला पोहोचणे सोपे झाल्यावर साहजिकच पर्यटनाची चर्चा वाढली. आजवर या जिल्ह्यात येणारा बाहेरचा माणूस मुख्यतः देवदर्शनासाठी येतो: पंढरपूर, अक्कलकोट, सिद्धेश्वर आणि शेजारचे तुळजापूर. निसर्ग पाहायचा तर सोलापूरकर स्वतःच कोकण, गोवा किंवा महाबळेश्वर गाठतात. प्रत्यक्षात देशात मोजक्याच ठिकाणी उरलेले गवताळ माळरान आणि हिवाळ्यात हजारो पक्ष्यांना पोसणारा जलाशय, या दोन्ही गोष्टी याच जिल्ह्यात आहेत. त्या पर्यटनाच्या नकाशावर का आल्या नाहीत आणि आल्या तर टिकतील का, याविषयी...

सोलापूरचा निसर्ग ‘निसर्ग’ का वाटत नाही?

उष्ण कटिबंधातील देश म्हटले की घनदाट जंगल, धबधबे आणि नारळीचे किनारे डोळ्यांसमोर येतात. पर्यटनाच्या जाहिरातींनी हीच सवय लावली आहे. पण उष्ण कटिबंधाचा फार मोठा भाग जंगलाचा नसून गवताळ प्रदेशाचा आहे. केनिया आणि टांझानियाचे जगप्रसिद्ध सफारी पर्यटन उभे आहे ते अशाच गवतावर. सोलापूर पर्जन्यछायेत येते. जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उथळ, मुरमाड जमीन आणि हा तुटपुंजा पाऊस यावर दाट जंगल उभे राहत नाही. इथे गवत, बोरी-बाभळीची तुरळक झुडपे आणि मोकळे आकाश हेच मूळ रूप आहे.

महसुली भाषेत मात्र अशा जमिनीला ‘पडीक’ म्हटले गेले. इंग्रजी अमलापासून ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती निरुपयोगी, अशी धारणा रुजली. आजही सरकारी नोंदींत माळरानांचा मोठा भाग पडीक जमिनीच्या यादीत जातो. मग ही ‘रिकामी’ जागा औद्योगिक वसाहत, सौर प्रकल्प, रस्ता किंवा वृक्षलागवड यांसाठी सर्वात आधी निवडली जाते. त्यातील वृक्षलागवड हेतूने चांगली असली तरी गवताळ अधिवासासाठी ती नुकसानीचीच ठरते. मोकळ्यावर राहणाऱ्या पक्ष्यांना दूरवरचे दिसावे लागते. झाडे वाढली की ते जागा सोडतात.

नान्नजचे अभयारण्य कसे उभे राहिले?

सोलापूरपासून बार्शी रस्त्याने सुमारे २० किलोमीटरवर नान्नज आहे. १९७० च्या दशकात येथील माळरानावर माळढोक असल्याकडे सोलापूरचे पक्षी अभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी लक्ष वेधले. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात राखलेल्या गवताच्या पट्ट्यांमध्ये हे पक्षी वावरत होते. १९७९ मध्ये राज्य सरकारने माळढोक अभयारण्य घोषित केले. त्याचे क्षेत्र होते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक तालुके त्यात आले.

आकडा प्रचंड होता, पण त्यात खरे माळरान थोडेच होते. बहुतेक जमीन शेतकऱ्यांच्या मालकीची होती. गावे, शहरे, कारखाने आणि रस्तेही अभयारण्यात मोडत होते. त्यामुळे जमिनीचे व्यवहार, बिगरशेती परवाने, उद्योग अशा प्रत्येक गोष्टीत अडचणी येऊ लागल्या. ज्या पक्ष्यामुळे गावाला काही मिळत नाही, उलट सातबाऱ्यावर बंधने येतात, तो पक्षी गावाला आपला वाटेल कसा? लोकांचा रोष, न्यायालयीन प्रक्रिया आणि तज्ज्ञ समित्यांच्या अहवालांनंतर क्षेत्राची फेररचना झाली आणि ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आले.

माळढोक आज कुठे आहे?

माळढोक हा उडू शकणाऱ्या जगातील सर्वाधिक वजनदार पक्ष्यांपैकी एक. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन १५ किलोपर्यंत जाते. मादी जमिनीवरच, बहुधा एकच अंडे घालते. त्यामुळे एक अंडे कुत्र्याने खाल्ले किंवा गुरांच्या खुराखाली फुटले तरी त्या मादीचा वर्षाचा वीण हंगाम वाया जाऊ शकतो. त्यातच डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने या पक्ष्याला समोरच्या वीजतारा वेळेवर दिसत नाहीत आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळताही येत नाही. २०११ पासून हा पक्षी जागतिक पातळीवर ‘अतिसंकटग्रस्त’ मानला जातो. देशात आता जेमतेम दीडशेच्या आसपास माळढोक उरले असून त्यातील बहुतांश राजस्थानातील जैसलमेर परिसरात आहेत. तिथे २०१९ पासून कृत्रिम प्रजनन प्रकल्प सुरू आहे आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्माला आले.

नान्नजला मात्र अलीकडच्या वर्षांत एखाददुसराच माळढोक दिसला, तर कधी एकही नाही. अभयारण्य घोषित झाल्यानंतरच्या काळात आजूबाजूचे माळरान नांगराखाली गेले. हेच नान्नज द्राक्षांसाठीही प्रसिद्ध आहे. ‘सोनाका’ हे वाण याच गावच्या नानासाहेब काळे यांनी विकसित केले. कोरडवाहू ज्वारीच्या शेतात माळढोक चरत असे. तारेच्या मांडवाखालची, वारंवार फवारणी होणारी द्राक्षबाग त्याच्या उपयोगाची नाही. बागायतीने शेतकऱ्याच्या हातात पैसा आला आणि तो सोडून पक्ष्यासाठी ज्वारीच घ्या, असे त्याला कोणी सांगू शकत नाही. संरक्षणाची किंमत शेतकऱ्याने मोजावी आणि श्रेय इतरांना मिळावे, ही व्यवस्था टिकणारी नव्हती.

मग पर्यटकाने पाहायचे काय?

माळढोक दिसेल या अपेक्षेने नान्नजला जाणारा बहुधा निराश होतो. पण माळरान म्हणजे एकटा माळढोक नव्हे. काळविटांचे कळप येथे सहज दिसतात. नशीब असेल तर लांडगा आणि खोकड दिसते. चंडोल, धाविक, पखुर्डी असे जमिनीच्या रंगात मिसळणारे पक्षी वर्षभर असतात. हिवाळ्यात मध्य आशियाकडून भोवत्या हे शिकारी पक्षी येतात आणि रात्री गवतातच मुक्काम करतात. पावसाळ्यानंतर हिरवे आणि डिसेंबरपर्यंत सोनेरी होणारे गवत हेच मोठे आकर्षण आहे.

असे पर्यटन चालते, याची उदाहरणे आहेत. गुजरातमधील वेळावदर हे काळविटांचे राष्ट्रीय उद्यान अवघे ३४ चौरस किलोमीटरचे आहे. तरीही काळवीट आणि भोवत्यांसाठी तिथे देशभरातून लोक जातात. पुणे जिल्ह्यात वन विभागाने इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे ‘गवताळ सफारी’ सुरू केली आहे. ठरलेले मार्ग, मर्यादित वाहने आणि स्थानिक मार्गदर्शक अशी तिची रचना आहे.

उजनीचे फ्लेमिंगो कोणाच्या वाट्याला?

जिल्ह्याचे दुसरे आकर्षण म्हणजे भीमेवरील उजनी धरणाचा यशवंतसागर जलाशय. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी असून त्यातील निम्म्याहून अधिक, म्हणजे ६३ टीएमसीहून जास्त पाणी ‘मृतसाठा’ आहे. पाणी ओसरू लागले की काठावर चिखलाचे उथळ पट्टे उघडे पडतात. त्यातील सूक्ष्म जीव आणि शेवाळ खाण्यासाठी फ्लेमिंगो, म्हणजेच रोहित पक्षी येतात. म्हणून धरण काठोकाठ भरलेले असेल तेव्हा ते कमी दिसतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब आणि चित्रबलाकही येथे मोठ्या संख्येने असतात. पाणी फारच खाली गेले तर पळसदेवचे बुडालेले प्राचीन मंदिर उघडे पडते.

मात्र हे पाहायला येणारा पर्यटक बहुतांश पुण्याकडून येतो आणि इंदापूर तालुक्यातील भिगवण-कुंभारगाव परिसरात थांबतो. तिथल्या मच्छीमारांनी होड्या, जेवण, मुक्काम आणि पक्ष्यांची माहिती असा जोडधंदा उभा केला. समोरच्या तीरावरील सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याला त्यातले फारसे मिळत नाही. पाणी तेच, पक्षी तेच. पण रस्ता, रेल्वे स्थानक आणि ओळख पलीकडे आहे. धरणासाठी जमिनी मात्र दोन्ही तीरांनी गमावल्या.

धोके कोणते?

पहिला धोका सुरक्षिततेचा. २१ मे २०२४ रोजी करमाळ्यातील कुगावहून इंदापुरातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. ती पर्यटकांची बोट नव्हती. तीरावरील गावांचा तो रोजचा रस्ता होता. पण जीवरक्षक जाकिटे, वाऱ्याचा इशारा आणि बोटींची तपासणी यांशिवाय जलपर्यटन वाढवणे किती घातक ठरू शकते, हे त्या दुर्घटनेने दाखवले.

दुसरा धोका पाण्याचा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून याच जलाशयात येते. जलपर्णी वाढते आणि माशांच्या स्थानिक जाती कमी होऊन चिलापीचे वर्चस्व झाले आहे. मच्छीमाराच्या जाळ्यात आणि पक्ष्याच्या चोचीत एकच पाणी जाते.

तिसरा धोका खुद्द पर्यटकाचा. फ्लेमिंगोंचा थवा उडतानाचे छायाचित्र हवे म्हणून बोट थेट थव्यात घातली की पक्ष्यांचा खाण्याचा वेळ आणि स्थलांतरासाठी साठवलेली ताकद वाया जाते. वेगवान बोटी आणि जलक्रीडा उथळ पाण्यात आल्या तर पक्षी जागा बदलतील. माळरानावर रस्ता सोडून गाडी घातली तर जमिनीवरची घरटी चिरडली जातात.

विकास आणि माळरान यांत निवड करावीच लागेल का?

सोलापुरात हा वाद जुना आहे. बोरामणी येथील नियोजित विमानतळ वनजमिनीच्या प्रश्नावर वर्षानुवर्षे अडकला. अखेर होटगी रस्त्यावरील जुना विमानतळच वापरात आणला गेला. त्यासाठी जून २०२३ मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडण्यात आली आणि शहरात मोठा संघर्ष झाला. माळरान वाचले तर विकास खोळंबतो, अशी भावना अनेकांमध्ये आहे. ती दूर करायची तर माळरानातून गावाला उत्पन्न मिळाले पाहिजे.

केनियात मसाई समाजाच्या जमीनमालकांनी याचा एक मार्ग काढला. ते आपली जमीन वन्यजीवांसाठी राखतात आणि पर्यटन कंपन्या त्यांना जमिनीच्या प्रमाणात ठरलेले भाडे देतात. सोलापूरला ही योजना जशीच्या तशी लागू होणार नाही, कारण येथील जमीनधारणा लहान आहे. पण तत्त्व उपयोगी आहे: जो बंधने सोसतो त्याला उत्पन्नात वाटा. काळविटांनी ज्वारी खाल्ली तर भरपाई वेळेत मिळावी, सफारीच्या शुल्काचा ठरावीक भाग ग्रामपंचायतीला जावा आणि मार्गदर्शक, चालक, खानावळ चालवणारे स्थानिकच असावेत.

पुढे काय?

उजनीवर जलपर्यटन आणि जिल्ह्यात एकात्मिक पर्यटन विकास, अशा योजनांची चर्चा सुरू आहे. त्यात इमारती, बोटी आणि बगिचे किती, यापेक्षा काय मोकळे ठेवले जाणार हे पाहावे लागेल. कारण येथे दाखवण्यासारखे जे आहे ते म्हणजे उघडे गवत आणि उथळ पाणी. दोन्ही नेमक्या ‘रिकाम्या’ वाटणाऱ्या जागा आहेत. माळढोकच्या बाबतीत कागदावर हजारो चौरस किलोमीटर राखूनही गावाची साथ मिळाली नाही आणि पक्षी जवळपास गेला. काळवीट, लांडगे, भोवत्या आणि फ्लेमिंगो अजून आहेत. नान्नजचा शेतकरी आणि करमाळ्याचा मच्छीमार या पर्यटनात भागीदार होतो की केवळ बघ्या राहतो, यावर ते किती काळ राहतील हे ठरेल.