पेटी बाहेर, पत्रं घरात

घरच्या संगणकावर स्वतःचा मेल सर्व्हर चालवावा, असं नात्यातल्या एकदोघा तरुण मंडळींच्या डोक्यात आहे. आपली पत्रं आपल्याच घरात! कल्पना मलाही आवडते. पण आमच्या कोकणात पावसाळ्यात वीज गेली की इंटरनेटही जातं, कधी कधी दिवसभर. त्या वेळात येणाऱ्या मेलचं काय?

गंमत म्हणजे, घराला कुलूप असू शकतं हे मेलची व्यवस्था आखणाऱ्यांनी आधीच धरलं होतं. दार बंद दिसलं की पाठवणारा सर्व्हर पत्र फेकून देत नाही. रांगेत ठेवतो आणि पुन्हा येऊन बघतो. २००८ सालच्या नियमावलीत म्हटलंय की दोन खेपांमध्ये निदान ३० मिनिटं असावीत आणि नाद सोडण्याआधी निदान ४-५ दिवस वाट पाहावी.

मग अडचण कुठे? एक तर सगळेच इतका धीर धरतील याची खात्री नाही. आणि बहुतेक घरगुती जोडण्यांचा आयपी पत्ता बदलता असतो. लाईन गेली की आपला जुना पत्ता दुसऱ्याच कुणाला मिळू शकतो. बंद दार एकवेळ परवडलं. पण तिथल्या भलत्याच सर्व्हरने दार उघडून "इथे असं कुणी राहत नाही" म्हटलं, तर पत्र त्याच क्षणी परत!

म्हणून माझं मत असं, की टपालपेटी चोवीस तास जागी असणाऱ्या ठिकाणीच हवी. वीज आली की आपण तिथून पत्रं उचलून आणायची. 'पॉप' या पद्धतीच्या नावातच 'पोस्ट ऑफिस' आहे, ते उगाच नाही. आणलेल्या पत्रांची प्रत काही दिवस तिथेही राहू द्यावी, म्हणजे घरची डिस्क बिघडली तरी अलीकडची पत्रं वाचतील.

पण पेटी म्हणजे कपाट नव्हे. दोन वर्षं न वापरलेली खाती पुसली जाऊ शकतात, असं गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं. घरातलं वडीलधारं माणूस गेल्यावर त्याचं खातं कोण उघडून बघतं? आजोबांची पोस्टकार्डं ट्रंकेत टिकली, कारण ती घरात होती. बाबांचे मेलही घरात हवेत, आणि त्यांची आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर.

असो. तुमच्याकडे काय सोय आहे, जरूर कळवा.